बाप्पा पंगतीत बसले होते

सेक्टर सत्तावीस, नोएडा
रविवार, १० सप्टेंबर १९९५

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांच्या चरणी उल्हासचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो का आणि वहिनींचं पित्त शांत आहे का, हे आधी सविस्तर कळवावं. (मान खरं तर पित्ताचा पहिला, पण आपण वडीलधारे म्हणून गुडघा आधी घेतला आहे.) इकडे मी आणि आपली बहीण हेमलता उभयता खुशाल आहोत. नोएडाची हवा उत्तम आहे, कारण तिला अडवायला मधे अजून काही बांधलेलंच नाही. वीज घाईतल्या पाहुण्यासारखी येते, चहा होईपर्यंतही थांबत नाही. समोरच्या मोकळ्या जागेत बाजार होणार, शाळा होणार, असं प्रॉपर्टी डीलर आम्हाला घर घेतल्यापासून सांगतो आहे. सध्या तिथे म्हशी बसतात. पण इथे राहायला आलं की माणसाला आपणही काहीतरी नवीन सुरू करावं असं वाटू लागतं. तशाच भरात आजूबाजूच्या सेक्टरांतल्या आम्ही मराठी मंडळींनी एक मंडळ काढलं आणि यंदा पहिला गणपती बसवला. पुढची हकीकत त्या गणपतीचीच आहे.

गेल्या दिवाळीच्या पत्रात आपण आमच्या जुन्या स्पेक्ट्रम काँप्युटरबद्दल लिहिलं होतं की, ते खेळणं आता भंगारवाल्याला देऊन टाका, कपाटात जागा तरी होईल. भाऊसाहेब, आपण इंजिनिअर आणि मी फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणारा सरकारी सेक्शन ऑफिसर; आपल्यापुढे मी कधी तोंड उघडलं नाही. (लग्नात रुखवतावरून एकदा उघडलं होतं, ते आपण अनारसा घालून बंद केलंत.) पण आज मी आपल्याला ते वाक्य मागे घ्यायला लावणार आहे, तेव्हा चष्मा लावून, आरामखुर्चीत टेकून, वहिनींनाही हाक मारून मगच पुढे वाचावं.

आपल्याला आठवत असेल, इंग्लंडला ऑफिसच्या कामाने गेला होतात तेव्हा आपण हे रबरी बटणांचे दोन काँप्युटर आणले होते, एक आपल्याला आणि एक धाकट्या बहिणीला. आम्ही तेव्हा दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या हिवाळ्यात हेमलता जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. (हॉस्पिटल समोर असण्याचा फायदा आम्हाला तेवढा एकदाच झाला.) पलंगावर बसून करायचं काय, म्हणून तिने तो स्पेक्ट्रम टीव्हीला जोडून मांडीवर घेतला आणि त्यावर चित्रं काढायला लागली. कशी? तर ठिपक्यांची रांगोळी काढतात तशी. तिचं म्हणणं, टीव्हीचा पडदा म्हणजे शेवटी ठिपकेच, इतके ठिपके आणि इतक्या ओळी. हात बसलेला असला की झालं. मोर काढला, तुळशीवृंदावन काढलं, आणि सगळ्यांत शेवटी, प्लास्टर निघायच्या सुमाराला, एक गणपती काढला. पाटावर मांडी घालून बसलेला, सोंड डावीकडे, डोळे असे की आपण खोलीत कुठेही बसलो तरी आपल्याकडे बघताहेत. मी नास्तिक नाही, पण फारसा आस्तिकही नाही. तरी तो गणपती टीव्हीवर असला की मी पाय पसरून बसत नसे. ही चित्रं कॅसेटवर राहिली. पाहिली कोणी? कोणीच नाही. आल्यागेल्याला आमच्या टीव्हीवर मालिका बघायची असे, हेमलताचा मोर नाही.

तर यंदा मंडळाच्या पहिल्या सभेत स्मरणिका छापायचं ठरलं आणि मुखपृष्ठाचा विषय निघाला, तेव्हा कधी चारचौघांत न बोलणारी हेमलता एकदम म्हणाली, माझ्याकडे एक गणपती आहे, चालेल का? आमचे चिटणीस सूर्यकांत प्रधान (माणूस सज्जन, पण अध्यक्ष कुणीही असो, सभा हेच चालवतात) म्हणाले, “बिल्कुल चालेल वहिनी, फक्त प्रेसवाल्याला फ्लॉपीवर पाहिजे. आजकल सब काँप्युटर पे होतं. नाहीतर त्याच्याकडे एक तयार हत्ती आहेच.” प्रेस पहाडगंजला. तो हत्ती मी जाऊन पाहून आलो. भाऊसाहेब, तो आफ्रिकेतला हत्ती होता. सुपाएवढे कान, पाठीवर पक्षी बसलेला, आणि पायाशी वाघ लपेल एवढं गवत. सूर्यकांतांचं मत असं की, वरती ‘श्री’ लिहिलं की भागेल. घरी आल्यावर हेमलता एवढंच म्हणाली की, मग मंडळाचं नावही सर्कस ठेवा. आणि तोंड फिरवून कणीक मळायला लागली. तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. तिथल्या तिथे मी ठरवलं की, मुखपृष्ठावर येईल तर माझ्या बायकोचा गणपती येईल, हत्ती गवतातच राहील.

अडचण काय, ते आपल्याला दोन शब्दांत कळेल, पण वहिनींसाठी सांगतो. स्पेक्ट्रमला फ्लॉपी ठाऊक नाही; तो बोलतो फक्त कॅसेटशी आणि टीव्हीशी. आम्ही गेल्या वर्षी नेहरू प्लेसहून जोडून आणलेला नवा पीसी कॅसेटला ओळखत नाही. दोघांनाही बेसिक नावाची भाषा येते म्हणतात, पण ती आपल्या नागपूरच्या मावशी आणि गोव्याचे काका मराठी बोलतात तशी. दोघंही मराठीच, आणि दोघांमध्ये तिसरा माणूस बसवावा लागतो. तो तिसरा माणूस मी व्हायचं ठरवलं. प्रथम मी सोपा मार्ग काढला आणि टीव्हीचा फोटो घेतला. रोल धुऊन आला तेव्हा बाप्पांच्या पोटावर आडव्या काळ्या पट्ट्या होत्या आणि मुकुटाच्या जागी काचेत उमटलेला मी, बनियनमध्ये. (हा फोटो हेमलताने ठेवला आहे, मागितला तरी देऊ नये असं मी तिला सांगितलं आहे.) मग लाल किल्ल्यासमोरच्या बाजारातून एका कारागिराकडून दोन्ही यंत्रं जोडणारी वायर करून आणली. तिने यंत्रं जोडली गेली नाहीत, पण पंखा बंद पडला.

शेवटी मला आमच्या खात्याची जुनी पद्धत आठवली. दोन खात्यांचं जमत नसेल तर एकाने वाचावं आणि दुसऱ्याने लिहून घ्यावं. चित्र म्हणजे स्पेक्ट्रमच्या पोटात नुसते आकडे असतात, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, असे सहा हजारांच्या वर. ते पडद्यावर दाखवायचा छोटा प्रोग्राम मी केला. (पहिल्या खेपेला ते आकडे बाप्पांच्याच अंगावर उमटले, बाप्पा पुसले गेले, आणि आम्ही बराच वेळ आकड्यांच्या चित्राचेच आकडे उतरवत होतो. ते जाऊ द्या.) टीव्ही हॉलमध्ये आणि पीसी बेडरूममध्ये, कारण पीसीला धूळ चालत नाही आणि टीव्हीची केबल हॉलच्या पुढे पोचत नाही. त्यामुळे संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की हेमलता हॉलमधून आकडे ओरडायची आणि मी आत टाइप करायचो. शून्य, शून्य, शून्य, दोनशे पंचावन्न, शून्य, एकशे अठ्ठावीस. मी दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण इतकं शुद्ध मराठी इतक्या मोठ्या आवाजात आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

आमचे शेजारी भाटियासाहेब भिंतीपलीकडून हे ऐकत होते. मराठी त्यांना कळत नाही, पण आकडे लागले आहेत एवढं कळलं. एका संध्याकाळी ते हळूच दार वाजवून आत आले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “भाईसाहब, आज क्या खुला?” त्यांची समजूत अशी की आम्ही घरात सट्टा चालवतो आणि भाभीजी निकाल पुकारतात. मी त्यांना पीसी दाखवला, स्पेक्ट्रम दाखवला, गणेशजी समजावून सांगितले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, “वो सब ठीक है, पर इतने ज़ीरो? मशीन सेट है क्या?” आता त्यांची बायको हेमलताला रोज भाजी देते आणि जाता जाता एखादा आकडा विचारते.

असे सगळे आकडे एकदाचे चढले. मी पीसीला चित्र दाखवायचा हुकूम दिला. हेमलता ओल्या हाताने माझ्या मागे येऊन उभी राहिली. आणि भाऊसाहेब, पडद्यावर जे आलं ते मी देवाच्या बाबतीत लिहू नये, पण लिहितो. सोंडेचे काप झाले होते. एक काप वर, एक खाली, मधे मुकुटाची चिंधी, डोळ्यांच्या आडव्या चिरफळ्या पोटाच्या जागी, आणि मोदक कुठेच नाही. नेमके त्याच वेळी सूर्यकांत आले. (ही माणसं अशाच वेळी येतात.) त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि म्हणाले, “उल्हासराव, हे विसर्जनानंतरचे आहेत का?” मग अगदी मवाळपणे त्यांनी सांगितलं की, प्रेसला सोमवारी फ्लॉपी द्यायची आहे, तेव्हा तो हत्तीच करू या, वहिनींनी मनाला लावून घेऊ नये. हेमलता म्हणाली, छे, त्यात काय. आणि आत जाऊन तिने सगळी भांडी पुन्हा घासायला घेतली.

शनिवारी त्याच सूर्यकांतांची वास्तुशांत होती. दिल्लीत लग्नाकार्यात हल्ली ताट हातात घेऊन उभ्याने फिरत जेवतात, पण सूर्यकांतांचा आग्रह होता की नव्या घरात पहिलं जेवण आपल्या रीतीने, मांडी घालून, पंगतीने. सतरंज्या घातल्या, पत्रावळी मांडल्या, समया लावल्या. वाढपी मात्र हलवायाने पाठवलेले, सगळे मथुरेकडचे. मला मीठ-लिंबाचं काम दिलं होतं. (मंडळात माझी योग्यता काय मानतात ते यावरून दिसेल.) पंगत बसली आणि ते वाढपी सुरू झाले. पहिल्या पानापाशी बसले आणि एका दमात भात, वरण, भाजी, भजी, कोशिंबीर, श्रीखंड, सगळं त्या एका पानात भरून मग दुसऱ्या पानाकडे सरकले. पहिल्या पानावर कर्नल गोडबोले होते, त्यांचं श्रीखंड संपलं तरी आठव्या पानावरच्या काकू कोऱ्या पत्रावळीकडे बघत बसलेल्या. मी धावलो. हातात मिठाची वाटी धरून त्यांना हिंदीत समजावू लागलो की, भैया, ऐसे नहीं, ये थाली नहीं है, पंगत है. पहले सबको नमक, फिर सबको नींबू, फिर सबको चटनी, एक चीज आखिर तक ले जाओ, फिर वापस आके दूसरी...

आणि तिथेच माझा हात थांबला. कॅसेटवरून स्पेक्ट्रमवर चित्र चढताना आपण कधी पाहिलंय का? मी शेकडो वेळा पाहिलं होतं. ते वरून खाली भरत येत नाही. आधी एक बारीक रेघ इथे, मग जागा सोडून एक तिथे, मग आणखी खाली, आणि मग परत वर येऊन प्रत्येक रेघेखाली दुसरी रेघ. म्हणजे आधी सगळ्या पानांवर मीठ, मग सगळ्या पानांवर लिंबू! स्पेक्ट्रमचा पडदा म्हणजे पंगत आहे, भाऊसाहेब. आठ पानं, प्रत्येक पानावर आठ पदार्थ. ती पंगत उठली की दुसरी आठ पानांची बसते, मग तिसरी. तीन पंगतींत चित्र पुरं. आणि आमचा पीसी मथुरेचा वाढपी. त्याला एकामागून एक थाळ्याच भरता येतात. मी आकडे ओळीने दिले तर त्याने पहिल्या थाळीत आठ जणांचं मीठ घातलं, दुसरीत आठ जणांचं लिंबू. बाप्पांचे काप झाले नाहीत तर काय होईल? मी मिठाची वाटी कर्नलसाहेबांच्या हातात दिली आणि घरी पळालो. (त्या दिवशी पंगत अळणी जेवली असं म्हणतात. श्रीखंडाला मीठ लागत नाही, असं मी सगळ्यांना कळवलं आहे.)

प्रोग्राम पुन्हा लिहिला. पंगत धरा, पान धरा, पदार्थ धरा, आणि ज्याचं त्याच्या पानात वाढा. एवढंच. हेमलता मागून परत आली ती रागातच होती, कारण मी तिला न सांगता पंगतीतून उठलो होतो आणि लोकांनी तिला माझ्या पोटाबद्दल विचारलं होतं. तिला मी खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. वरून मुकुट आला. मग कपाळ, मग ते डोळे. सोंड सगळी एकसंध, डावीकडे वळलेली. मोदक हातात. पाट. हेमलताने हात जोडले. मी ओरडलो, इतका की भिंतीपलीकडून भाटियांनी विचारलं, लग गया क्या? मी म्हटलं, लग गया! माझ्या आयुष्यात प्रमोशनच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता, आणि हे मी आपल्याला अगदी मोकळेपणाने सांगतो.

एक कान मात्र जरा निराळा आला. भाटिया आत आले होते त्या वेळचा एक आकडा मी चुकीचा मारला असणार. बाप्पांच्या कानात एक आडवी रेघ दिसत होती. मी म्हटलं, राहू दे, भिकबाळी समजतील, मराठी गणपती आहे. हेमलताने ऐकलं नाही. मला खुर्चीवरून उठवलं, चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये घेऊन तो माउस धरला (पहिल्यांदाच, आणि रांगोळीच्या चिमटीसारखा) आणि ठिपका ठिपका करत कान नीट केला. नंतरही बराच वेळ ती तिथून उठली नाही. मला फ्लॉपी करायची घाई होती, म्हणून मी तिला शेवटी उठवलं.

सोमवारी फ्लॉपी घेऊन मी बसने पहाडगंजला निघालो. लोहचुंबकाने फ्लॉपी पुसली जाते असं मला सांगितलं होतं, म्हणून ती पुठ्ठ्यात, पुठ्ठा पितळी डब्यात, डबा छातीशी. बसमध्ये बसल्यावर पाहिलं तर डोक्यावर गाण्याचा स्पीकर, आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं! मी उठून मागे गेलो, तिथेही स्पीकर. मग यमुनेच्या पुलापासून प्रेसपर्यंत मी पायरीवर लोंबकळत गेलो, डबा बाहेर धरून. कंडक्टर म्हणाला, “अंकल, अस्थियां हैं तो पुल पे ही उतर जाओ.” प्रेसवाल्याने फ्लॉपी लावली, चित्र उघडलं, आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. मग दुकानातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. शेजारी सूर्यकांत उभे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने तो हत्ती पडद्यावरून बंद केला. भाऊसाहेब, ते दृश्य आपण पाहायला हवं होतं.

स्मरणिका केशरी रंगात छापली. सोबत एक प्रत पाठवत आहे. कँटोनमेंटहून साताऱ्याकडच्या फौजी कुटुंबांचा एक ट्रक आरतीला आला होता, त्यातल्या एका म्हाताऱ्या सुभेदारांनी मुखपृष्ठ कपाळाला लावलं आणि प्रत खिशात न ठेवता ट्रक दिसेनासा होईपर्यंत हातात उभी धरली. शेवटच्या दिवशी स्टेजवर मला शाल आणि श्रीफळ दिलं. हेमलताला पहिल्या रांगेत बसवलं होतं. आतल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं आहे: ‘मुखपृष्ठ आणि संगणकीय सिद्धता, श्री. उल्हास राजाध्यक्ष’. ते पान मी दुमडून ठेवलं आहे, म्हणजे आपल्याला शोधावं लागणार नाही. आता भंगाराबद्दल आपलं काय मत आहे ते कळवावं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावावं.

आपला आज्ञाधारक,
उल्हास

ता. क. कळवायचं राहिलं, विसर्जनाच्या दिवशी आमच्या सेक्टरात व्होल्टेज एकदम चढलं आणि स्पेक्ट्रम जळाला. वास अजून आहे. हेमलताची वीसेक चित्रं अद्याप कॅसेटवरच अडकली आहेत.

ता. क. दुसरा. वहिनींनी मागे सांगितलं होतं की, आपला स्पेक्ट्रम आपण माळ्यावर मऊ पंच्यात गुंडाळून जपून ठेवला आहे. (भंगारवाला बहुधा आपल्या गल्लीत येत नसावा.) दिल्लीला येणाऱ्या कुणाबरोबरही तो पाठवावा. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे. पंच्यासकट पाठवलात तरी चालेल.

दादा, मी हेमा. हे पाकिटाला डिंक शोधताहेत, तेवढ्यात लिहिते. ते दुमडलेलं पान मीही पाहिलं. माझं नाव त्यात नाही, आणि ह्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. दोन दिवस मला फार राग होता. पण घरात शाल पांघरून इतके खुशीत हिंडतात की सांगवत नाही. माझा गणपती लोकांनी कपाळाला लावला, ते मी पहिल्या रांगेतून पाहिलं, ते पुष्कळ आहे. तुझं मशीन मात्र जरूर पाठव, आणि लवकर पाठव. म्हणजे हे हॉलमध्ये त्याच्याशी खटपटत बसतील आणि बेडरूममधला नवा पीसी मला मोकळा मिळेल. पुढच्या वर्षीचा गणपती मी त्यावर काढायला घेतलाय. तो छापून आला की त्याच्या पाटाची नक्षी नीट बघ. लांबून वेलबुट्टी वाटते, जवळून ‘हेमलता’ आहे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती कुणाला गाळायची असेल तर आधी बाप्पांना उठवावं लागेल.